श्रवणाचे मोल आणि विम्याचा कागद
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिक झालेले निवृत्त शिक्षक. वैद्यकीचे वा विम्याचे जाणकार नव्हे. दोन्ही कानांस यंत्रे लावून आपल्यापुढे उभे आहोत, एवढाच काय तो आमचा अधिकार.

आरंभी एका अपराधाची कबुली देतो. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तरी तो मान वर करीत नसे. आम्ही त्यास बेपर्वा ठरविले, एकदा छडीही दिली. पुढे तपासणीत कळले की त्या बालकास ऐकूच फार थोडे येत होते. ती छडी आजही आमच्या हातास झोंबते. यास्तव हा विषय निवडला.

श्रवणयंत्र आणि कॉक्लियर इम्प्लांट या वस्तू एक नव्हेत. श्रवणयंत्र बाहेरचा आवाज मोठा करून कानात सोडते. कानात काही शक्ती शिल्लक असेल तरच त्याचा उपयोग. जेथे ती शक्ती जवळजवळ संपली आहे, तेथे शस्त्रक्रिया करून कानाच्या आतील गोगलगाईच्या शंखासारख्या भागात बारीक तार बसवितात. कानामागील यंत्र आवाज टिपून त्या तारेकडे पाठविते आणि ती थेट श्रवणतंतूस चेतविते. म्हणून वृद्धपणी कान मंद झाला की लगेच इम्प्लांटच हवे, हा समज चुकीचा आहे. आमच्यासारख्या बहुतेकांस साधे यंत्र पुरते.

आता खर्च. श्रवणयंत्र काही हजारांपासून लाखांपर्यंत मिळते. इम्प्लांटचा खर्च एका कानास कित्येक लाखांपर्यंत जातो. परंतु शस्त्रक्रियेचे बिल फेडले म्हणजे संपले, असे नाही. बाहेरील यंत्राच्या बॅटऱ्या, तारा, दुरुस्ती, काही वर्षांनी नवे यंत्र आणि मुलास बोलते करण्यासाठी दीर्घकाळ चालणारे वाचा-उपचार हा खर्च मागाहून येतो. आमच्या नात्यातील एका कन्येचे यंत्र खेळताना पडून बिघडले. दुरुस्तीचे पैसे जुळेपर्यंत ती पोर तीन महिने पुन्हा निःशब्द जगात राहिली.

विम्यावर विसंबावे काय? आम्ही विसंबलो आणि फसलो. यंत्रे घेऊन पावत्या पाठविल्या. त्या परत आल्या. कारण पॉलिसीतच छापलेले होते: चष्मा, श्रवणयंत्र इत्यादींचा खर्च देय नाही. आम्ही आयुष्यभर मुलांस ‘प्रश्न नीट वाचा’ असे सांगितले, आणि स्वतः मात्र तो कागद वाचला नव्हता! साधारण आरोग्यविमा रुग्णालयातील उपचारांचा असतो. इम्प्लांटसाठी रुग्णालयात राहावे लागते, म्हणून तेथे दाव्यास वाव असतो. तथापि प्रत्येक पॉलिसीचे नियम निराळे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच कंपनीस चार प्रश्न लेखी विचारावेत. यंत्राची किंमत मिळेल की केवळ शस्त्रक्रियेची? कानामागील भाग धरला आहे काय? जन्मजात दोष वगळला आहे काय? प्रतीक्षेची मुदत किती उरली आहे? दावा अन्यायाने नाकारला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडे तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालांकडे जाता येते.

ज्यांस हा भार झेपत नाही, त्यांनी निराश होऊ नये. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत पात्र कुटुंबांस श्रवणयंत्रे मिळतात आणि बालकांस इम्प्लांटसाठीही साह्य मिळते. २०१४ च्या सुधारणेत त्याची मर्यादा ६ लाख रुपये होती. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे चौकशी करून उत्पन्नाचे, वयाचे व रकमेचे आजचे नियम समजून घ्यावेत.

परंतु बंधूंनो, पैशाहून महाग वस्तू वेळ आहे. भाषा शिकण्याचे वय कोवळे असते. ‘मोठा झाला की बोलेल’, ‘लोक काय म्हणतील’, ‘मुलीचे लग्न कसे जमेल’ असे म्हणत आपण जी वर्षे घालवितो, ती कोणतीही कंपनी भरून देत नाही. नवजात बालकाच्या कानाची तपासणी काही मिनिटांची आणि वेदनारहित असते. ती प्रत्येक घराने करून घ्यावी.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या शिक्षण-निधीतून दरवर्षी काही रक्कम कर्णबधिर मुलांच्या यंत्रांची दुरुस्ती व वाचा-उपचार यांसाठी बाजूस काढावी. शस्त्रक्रियेस दाते मिळतात; बॅटरीस कोणी मिळत नाही. आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम आज आम्ही कोषाध्यक्षांच्या हाती देत आहोत. त्या छडीचे प्रायश्चित्त एवढ्याने होणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि पुढे एखादा गुरुजी ‘हजर आहेस काय?’ असे विचारील तेव्हा आपल्या ज्ञातीतील एका तरी बालकास ती हाक ऐकू यावी, एवढीच इच्छा आहे.