यादी आणि कप्पे

शाळेच्या कचेरींत तीनशें विद्यार्थ्यांचीं कागदपत्रें संगणकांत ठेवावयाचीं असलीं, म्हणजे प्रत्येकाच्या नांवाचा एकेक कप्पा, अर्थात् फोल्डर, करावा लागतो. हें काम हातानें करतां करतां लेखनिक कंटाळतो, आणि कंटाळलेला मनुष्य चुकतो. वस्तुतः हें काम यंत्राचें आहे.

कप्पा निर्माण करण्याची 'एमडी' ही आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्यें १९८३ सालीं, दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. विंडोजमध्येंहि ती चालते. तिला 'फॉर' या आज्ञेची जोड दिली, कीं यंत्र यादींतील एकेक ओळ वाचून कांहीं क्षणांत सर्व कप्पे तयार करतें.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. निराळें सांगितलें नाहीं, तर 'फॉर' ओळींतील पहिलाच शब्द उचलते. मग लीला नांवाच्या दोन मुलींचीं आडनांवें भिन्न असलीं, तरी दोघींना मिळून एकच कप्पा लाभतो. 'तो आधींच आहे' असा शेरा पडद्यावर उमटतो खरा. पण त्या गर्दींत तो पाहतो कोण? पुढें एकीची गुणपत्रिका दुसरीच्या कागदांत जाते.

उपाय सोपा आहे. 'डेलिम्स' या शब्दापुढें बरोबरीचें चिन्ह देऊन पुढची जागा मोकळी सोडावी, म्हणजे संपूर्ण ओळ वाचली जाते. नांव दुहेरी अवतरणचिन्हांत घालावें. त्यांत तिरकी रेघ वा प्रश्नचिन्ह नसावें. नांवाआधीं हजेरीचा क्रमांक असावा. शेवटीं कप्पे मोजून यादीशीं ताडावे. यंत्र आज्ञा पाळतें. माणसें ओळखण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच राहते.