मूत्राशयाचा कर्करोग आणि रोबोटिक शस्त्रक्रिया



‘रोबोट परवडत नाही, मग आमचा माणूस वाचेल ना?’ हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. अमेरिकेतील १५ रुग्णालयांत झालेला तुलनात्मक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्राशय काढल्यानंतर दोन वर्षे कर्करोग न बळावलेले रुग्ण रोबोटिक पद्धतीत ७२.३ टक्के, तर खुल्या पद्धतीत ७१.६ टक्के होते. रोबोटमुळे रक्तस्राव कमी झाला. गुंतागुंत मात्र दोन्हींकडे सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत आढळली. आतड्याच्या तुकड्यातून मूत्राला नवी वाट करून देणे दोन्हींत आलेच. म्हणून रोबोटसाठी पैसे जमेपर्यंत शस्त्रक्रिया लांबवू नका. देणगीदारांनीही यंत्राइतकेच शुश्रूषेला साहाय्य करावे, ही नम्र विनंती.