हेस्टिंग्जचे दप्तर आणि बंगालची रयत



वॉरन हेस्टिंग्ज हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते सालबाईच्या तहामुळे. १७८२ साली महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने तो तह झाला तेव्हा कलकत्त्याच्या गादीवर हेस्टिंग्ज होता. नाना फडणिसांच्या पत्रव्यवहारात, पुण्याच्या दप्तरांत त्याची सावली जागोजाग पडलेली आहे. आजचा विषय मात्र त्याच्या राजकारणाचा नसून त्याने मागे ठेवलेल्या कागदांचा आहे. राज्यकर्त्याचे कागद कष्टकऱ्यांच्या चळवळीने कसे वाचावेत, या प्रश्नाला हे दप्तर फार चांगले उत्तर देते.

हेस्टिंग्ज १७५० साली कंपनीचा साधा कारकून म्हणून कलकत्त्यास आला. १७७२ च्या एप्रिलमध्ये बंगालचा गव्हर्नर झाला, पुढे गव्हर्नर जनरल झाला आणि १७८५ साली मायदेशी परतला. कागद जपण्याची त्याला विलक्षण हौस होती. पत्रे, त्यांच्या नकला, टिपणे, हिशेब, फारसी पत्रांचे तर्जुमे, सारे त्याने सांभाळले. १८१८ साली तो वारल्यावर त्याच्या घरच्यांनी हा संग्रह चरित्रकाराच्या हवाली केला. त्यातून ग्लीग या पाद्र्याने १८४१ साली तीन खंडांचे स्तुतिपर चरित्र सिद्ध केले, आणि त्याच वर्षी मेकॉलेने त्यावर आपला गाजलेला निबंध लिहिला. नंतर हे कागद ब्रिटिश म्युझियमने विकत घेतले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अडीचशेहून अधिक बांधीव खंडांत आहेत.

हे खासगी दप्तर उघडणाऱ्यास प्रथम भेटतो तो एक सुसंस्कृत गृहस्थ. त्याला फारसी उत्तम येते. कलकत्त्याचा मदरसा त्याने स्थापिला, विल्किन्सच्या गीतेच्या इंग्रजी भाषांतरास त्याने पुरस्कार लिहिला, तिबेटकडे आपला दूत पाठविला. पत्नीला लिहिलेली त्याची पत्रे तर मोठी हळुवार आहेत. कित्येक विद्वान या भेटीतच विरघळले. हे अगदी खोटे आहे असे म्हणण्याचे कारण नाही. माणूस सुसंस्कृत होताच. परंतु दप्तर हे ज्याचे असते त्याच्याच उंचीवरून जग दाखविते. त्या अडीचशे खंडांत राजे आहेत, नबाब आहेत, कौन्सिलातील वैरी आहेत. नांगर धरणारा क्वचितच आहे.

त्याला शोधायचे तर खासगी पत्रांकडून कंपनीच्या सरकारी कागदांकडे वळावे लागते. तेथे ३ नोव्हेंबर १७७२ या तारखेचे एक पत्र आहे. हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलाने लंडनमधील संचालकांना ते लिहिले.

त्याची पार्श्वभूमी अशी. १७६५ साली कंपनीने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, मोगल बादशहाकडून मिळविला. चारच वर्षांनी, १७६९ च्या मे महिन्यात, मुर्शिदाबादेतील कंपनीचा रेसिडेंट रिचर्ड बेचर याने वरिष्ठांना कळविले की दिवाणी कंपनीकडे आल्यापासून या देशातील लोकांची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट झाली आहे. त्याच वर्षी पाऊस गेला. १७७० साली जो दुष्काळ पडला तो बंगाली सनाच्या ११७६ या आकड्यावरून ‘छियात्तरचे मन्वंतर’ म्हणून ओळखला जातो. बंकिमचंद्रांची ‘आनंदमठ’ याच काळात घडते.

या दुष्काळानंतर दोन वर्षांनी लिहिलेल्या त्या पत्रात हेस्टिंग्ज प्रांताची किमान एक तृतीयांश माणसे नष्ट झाल्याचे आणि त्यामुळे लागवड घटल्याचे नमूद करतो. आजचे काही अभ्यासक हा अंदाज जास्त मानतात. त्यांचे खरे असेल. परंतु येथे महत्त्वाचे आहे ते वसुली करणारे सरकार स्वतः काय समजत होते हे. तीनपैकी एक माणूस मेला असे समजून त्या सरकारने काय केले?

पत्रात बंगालच्या निव्वळ वसुलाचे आकडे दिले आहेत. १७६८–६९ साली, म्हणजे दुष्काळापूर्वी, वसूल झाला १,५२,५४,८५६ रुपये. टंचाईच्या १७६९–७० साली तो १,३१,४९,१४८ वर आला. माणसे रस्त्यावर मरत होती त्या १७७०–७१ साली तो पुन्हा चढून १,४०,०६,०३० झाला. आणि १७७१–७२ साली १,५७,२६,५७६! तिसरा हिस्सा माणसे नाहीशी झाल्यावर वसूल दुष्काळापूर्वीच्या सालाहून पावणेपाच लाखांच्या आसपास अधिक.

असे कसे झाले, याचा खुलासाही पत्रातच आहे. महसुलाचा आकडा जबरदस्तीने पूर्वीच्या पातळीवर टिकवून धरण्यात आला, अशी स्पष्ट कबुली हेस्टिंग्ज देतो. एका करावर तर तो अधिक तपशिलाने लिहितो. त्याचे नाव ‘नाजाई’. शेजारी मेला किंवा परागंदा झाला तर त्याच्या वाट्याचा सारा गावात जिवंत राहिलेल्यांकडून भरून घ्यावयाचा, असा तो कर. म्हणजे ज्या गावात प्रेते अधिक, त्या गावच्या जित्या माणसांवर बोजा अधिक. हे कठोर न्यायाला धरून नाही हे हेस्टिंग्जला दिसते. तरी सरकारची तूट त्यातून भरून निघते आणि लोक एकमेकांना जामीन राहिल्यामुळे पळून जाण्यास आळा बसतो, असे त्याचे समर्थनही तो पुढे करतो.

आपल्याकडील तालुक्याच्या कचेरीत दुष्काळी वर्षी पैसेवारीचे आकडे घेऊन भांडलेल्या कार्यकर्त्याला हे वाचताना फारसे परके वाटू नये. सूट किती, तहकुबी किती, वसूल किती, हे तीन आकडे शेजारी ठेवले की पुष्कळ काही बोलू लागते. हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने १८६८ साली बंगालच्या ग्रामीण इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथात तेच केले. त्याने दाखविले की त्या वर्षी जमीनमहसुलात पाच टक्केही सूट देण्यात आली नाही आणि पुढील वर्षासाठी दहा टक्के वाढ करण्यात आली. रमेशचंद्र दत्त यांनी १९०२ साली आपला आर्थिक इतिहास लिहिताना वर दिलेले आकडे मांडले. साम्राज्याविरुद्धचा हा पुरावा कोणा आंदोलकाने जमविलेला नव्हता. तो साम्राज्याने स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात, बऱ्याच अभिमानाने लिहून ठेवला होता.

मग हेस्टिंग्जने इतका प्रांजळपणा का दाखवावा? एक तर दुष्काळ पडला तेव्हा तो गव्हर्नर नव्हता. दोष आधीच्यांचा होता. शिवाय दोष ठेवायला एक एतद्देशीय माणूसही हाताशी होता. नायब दिवाण महंमद रजाखान याला संचालकांच्या हुकुमावरून १७७२ साली अटक झाली, चौकशी चालली आणि अखेर तो निर्दोष सुटला. आणि नवी व्यवस्था पुढे करायची तर जुनीचे वाभाडे काढणे सोयीचे असतेच. पण ती नवी व्यवस्था कोणती? लिलावाने पाच वर्षांचा इजारा! जो अधिक बोली बोलेल त्याला वसुलीचा हक्क. उजाड झालेल्या मुलखावर सट्टेबाजांनी पेलणार नाहीत अशा बोली लावल्या, रयतेला पिळले, आणि तरीही बाक्या राहिल्याच. तिसरा हिस्सा माणसे मेली हे जाणणाऱ्या लेखणीनेच हा उपाय लिहिला. व्यक्ती सुसंस्कृत असली तरी ती ज्या यंत्राची चालक असते त्याचे काम बदलत नाही, हे हेस्टिंग्जच्या चाहत्यांना कधी उमगले नाही.

पुढे हेस्टिंग्जवर लंडनमध्ये महाभियोग चालला. १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे! बर्कच्या वक्तृत्वाने सभागृह हादरले. रंगपूरच्या रयतेवरील छळाचे त्याने केलेले वर्णन ऐकून श्रोत्यांत मूर्च्छा आल्या. पण प्रत्यक्षात जे आरोप चालविले गेले ते बनारसच्या चेतसिंगाचे, अवधच्या बेगमांचे, नजराण्यांचे आणि कंत्राटांचे. राजाला आणि बेगमेला वकील मिळाला. रंगपूरचा कुणबी भाषणापुरता आला आणि गेला. हेस्टिंग्ज निर्दोष ठरला आणि कंपनीने त्याला सालिना चार हजार पौंड बांधून दिले.

रंगपूरचा हा कुणबी दप्तरात शिरला कसा, ते पाहण्यासारखे आहे. देवीसिंग नावाचा इजारदार तेथे वसुली करीत होता. १७८३ च्या प्रारंभी रयत उठली. तिने आपला नबाब निवडला, कचेऱ्यांवर चालून गेली आणि बंडाच्या खर्चासाठी स्वतःची वर्गणी बसविली. तिला ‘ढिंग खर्चा’ म्हणत. त्यापूर्वी तिने अर्जही केले होते. हे अर्ज, जबान्या आणि फौजेच्या हालचालींचे अहवाल सरकारी कागदांत राहिले. रणजित गुहा यांनी १९८३ साली वसाहतकालीन शेतकरी उठावांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात रंगपूरच्या या बंडाला मोठे स्थान आहे. एरवी वसुलाच्या रकमेत मिसळून गेलेला शेतकरी, उठला त्या क्षणी सरकारला नावानिशी लिहावा लागला. मन्वंतरात मेलेल्यांची नावे कोणत्याही खंडात नाहीत. रंगपूरच्या पुढाऱ्यांची आहेत.

बंड फौजेने मोडले. चौकशीसाठी पॅटरसन नावाचा कंपनीचा अधिकारी धाडण्यात आला. त्याने रयतेच्या तक्रारींत तथ्य असल्याचे कळविले, फटके आणि छळ यांची हकीकत लिहिली. त्यावर कलकत्त्याने दुसरी चौकशी बसविली, आणि तिच्यात पॅटरसनवरच जणू आरोपी म्हणून उभे राहण्याची पाळी आली. देवीसिंगाचे घराणे पुढे मुर्शिदाबादजवळच्या नशीपूरचे राजघराणे म्हणून नावारूपास आले.