मालाचा धनी कोण?



 

पूर्व युरोपातल्या कामगार चळवळीचा विषय निघाला की आपण अजून 1980च्या ग्दान्स्कमध्येच असतो. जहाज कारखान्याचं फाटक, संपकऱ्यांच्या एकवीस मागण्या, सॉलिडॅरिटी युनियन! त्या लढ्याबद्दल मला आदर आहे. पण आज पोलंडमध्ये राबणाऱ्या अनेकांना कारखान्याचं फाटकच नाही. ते युक्रेनचे, जॉर्जियाचे, उझबेकिस्तानचे. एजंटाने आणलेले, आणि कागदोपत्री पुष्कळदा कामगारही नसलेले.

2023च्या मार्चमध्ये जर्मनीत, डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेनच्या महामार्ग थांब्यावर साठेक ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. मालक पोलिश, चालक बहुतेक जॉर्जिया-उझबेकिस्तानचे. पैसे थकलेले. वाटाघाटींसाठी त्यांनी नेमला एका डच युनियनचा एडविन आटेमा, जो स्वतः पूर्वी ट्रक चालवत असे. गुड फ्रायडेला मालक चिलखती गाडी आणि भाडोत्री रक्षक घेऊन ट्रक सोडवायला आला. पोलिसांनी त्यालाच ताब्यात घेतलं. एप्रिलअखेर सुमारे तीन लाख युरो चुकते झाले. उन्हाळ्यात पुन्हा तेच. या वेळी चालक शंभराच्या वर, सप्टेंबरात काहींचं उपोषण, आणि मग कुठे पैसे हातात.

मूठभर परक्या माणसांना हे कसं जमलं? गाड्यांत माल होता, आणि मालाला धनी होते. त्याच वर्षीच्या 1 जानेवारीपासून जर्मनीत मोठ्या कंपन्यांना त्यांच्या पुरवठादारांकडच्या कामगारांबाबतही जबाबदार धरणारा कायदा लागू झाला होता. चालकांनी पोलिश मालकाच्या डोक्यावरून थेट त्या धन्यांकडे बोट दाखवलं.

हाच संप पोलंडच्या हद्दीत करणं फार अवघड गेलं असतं. तिथल्या 1991च्या कायद्यानुसार संप पुकारायचा तो युनियननेच, तोही बोलणी, मध्यस्थी आणि मतदान पार पाडून. सेवा-करारावर राबणाऱ्या, कागदोपत्री कामगार नसलेल्यांना तर 2019 उजाडेपर्यंत युनियन काढण्याचा हक्कच नव्हता. संपातून नवा इतिहास घडवलेल्या देशाने संपाभोवती एवढं कुंपण घालावं, हे मला खटकतं.

परक्या कामगारांच्या पिळवणुकीचा सगळा दोष बाजारपेठेच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही. पूर्व जर्मनीने 1979च्या करारानंतर मोझांबिकमधून कामगार नेले आणि त्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा कापून ठेवला. ते पैसे मिळावेत म्हणून मायदेशी परतलेले हे कामगार मापुतोच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं मोर्चे काढत आले. कापणारं सरकार समाजवादीच होतं!

सर्बियात झ्रेन्यानिनला 2021 मध्ये एका चिनी टायर कारखान्याच्या बांधकामावर सुमारे पाचशे व्हिएतनामी मजूर हलाखीत राहताना आढळले. पासपोर्ट काढून घेतल्याच्या तक्रारी होत्या. कारखाना म्हणाला, ही माणसं आमची नाहीत, कंत्राटदाराची. पुढे 2024 मध्ये तिथल्याच भारतीय कामगारांबद्दल त्याच स्वरूपाच्या तक्रारी पुढे आल्या. म्हणजे प्रश्न आपल्याही उंबरठ्याशी आलेला आहे.

'आमची नाहीत' हे उत्तर आपल्या हमालांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. मग मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या 1969च्या माथाडी कायद्याने या वादालाच बगल दिली. माथाडी मंडळात कामगाराचीही नोंद आणि मालकाचीही. मजुरी मंडळामार्फत, त्यावर भविष्यनिर्वाह निधी वगैरेंसाठी लेव्ही. अंमलबजावणीतल्या भानगडी इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. तरीही फाटक नसलेल्या कामगारासाठी एवढा नेमका विचार केलेला दुसरा कायदा माझ्या पाहण्यात नाही.

वॉर्सा, बेलग्रेड, बुखारेस्ट इथल्या युनियन आज 'मालक कोण' हाच प्रश्न सोडवू पाहताहेत. या परिषदेने माथाडी मंडळांच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवाची, त्यातल्या घोटाळ्यांसकट, एक प्रामाणिक टिपणी तयार करून त्यांना पाठवावी, आणि रुमानिया-क्रोएशियाला कामासाठी निघालेल्या आपल्या पोरांच्या हाती तिथल्या युनियनचा पत्ता द्यावा, अशी माझी विनंती आहे. या कामाला लागणारा खर्च मोठा नाही. तसा ठराव आजच्या समारोपापूर्वी मांडावा.