पुरुषांचीं लेणीं आणि स्त्रियांचीं लेणीं



ज्याचें आयुष्य मराठी व्याकरण शिकविण्यांत गेलें, त्यानें दागिन्यांविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे त्याचें लक्ष प्रथम शब्दांच्या लिंगाकडेच जावयाचें. 'कमरपट्टा' हा शब्द पुल्लिंगी, पण तो शोभतो स्त्रीच्या कमरेला. 'भिकबाळी' हा शब्द स्त्रीलिंगी, पण ती घालावयाची पुरुषानें. आणि 'कडें' तर नपुंसकलिंगी. तें दोघांच्याहि मनगटावर बसतें. व्याकरण असें घोटाळ्यांत टाकतें खरें. पण पुरुषांचा दागिना कोणता व स्त्रियांचा कोणता, ही व्यवहारांतील विभागणी तरी कितपत पक्की आहे, याचा आज आपण विचार करूं.

सामान्य समज असा आहे कीं, पुरुषी दागिना जाड, भरीव आणि साधा असावा. बायकी दागिना नाजूक, लोंबता आणि नक्षीदार असावा. परंतु पेशवाईंतील सरदाराच्या पगडीवरचा मोत्यांचा तुरा मान हलली कीं झुलत असे. आणि भिकबाळी म्हणजे सोन्याच्या तारेंत ओंवलेले मोती व एखादा रंगीत खडा, एवढाच नाजूक जिन्नस. उलट बायकांच्या पाटल्या पाहा : रुंद, चापट आणि ठसठशीत. तेव्हां नाजूकपणा ही कांहीं एका वर्गाचीच मिरास नव्हे.

आतां थोडें मागें जाऊं. 'लेणें' हा शब्द आपण अलंकारालाहि लावतों आणि डोंगरांत कोरलेल्या गुहेलाहि. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत पांचव्या शतकाच्या अखेरीचें पद्मपाणि बोधिसत्त्वाचें चित्र आहे. मस्तकावर रत्नजडित मुकुट, गळ्यांत मोत्यांची माळ, आणि मुद्रा मात्र अत्यंत शांत. या अलंकारांनीं त्याच्या पौरुषाला उणेपणा आला, असें पाहणाऱ्याच्या मनांतहि येत नाहीं. त्याच अजिंठ्यांत अलंकारांनीं नटलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. पण नथ एकीच्याहि नाकांत नाहीं. जी नथ आज आपण मराठमोळ्या स्त्रीची खूण मानतों, ती आपल्याकडे पुष्कळ शतकांनंतर आली.

दुसरें उदाहरण बडोद्याचें. गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा हार प्रसिद्ध आहे. खंडेराव महाराजांनीं १८५६ ते १८७० पर्यंत राज्य केलें. त्यांच्या संग्रहांतला हा हार राजपुरुषाच्या दरबारी पोषाखाचा भाग होता. पुढें प्रतापसिंहरावांच्या कारकीर्दींत, त्यांच्याशीं १९४३ सालीं विवाह झालेल्या सीतादेवींच्या गळ्यांत तो दिसूं लागला. मोती तेच, ओंवणी तीच. बदलला तो केवळ गळा. त्यांतील निवडक ६८ मोत्यांचा दुपदरी हार २००७ सालीं न्यू यॉर्क येथें लिलावांत ७० लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेला.

मग पुरुषांनीं दागिने टाकले कां? इंग्रजी अमदानींत कचेरी आली, कोट आला, खिशांतलें घड्याळ आलें. तुरा, कंठी, गोफ हळूहळू पेटींत गेले आणि अंगठी तेवढी उरली. सोन्याची हौस मात्र गेली नाहीं. ती पुरुषाच्या अंगावरून उतरली आणि पत्नीच्या अंगावर चढली. आणि मग तोच पुरुष म्हणूं लागला कीं, बायकांना दागिन्यांचें भारी वेड!

माझ्या मतें खरा भेद घाटांत नाहीं, अर्थांत आहे. पुरुषाचा अलंकार त्याचा मानमरातब सांगत असे. त्याची पत्नी हयात आहे कीं नाहीं, हें तो कधींच सांगत नसे. स्त्रीचें मंगळसूत्र, जोडवीं आणि बांगड्या मात्र तिच्या पतीची वार्ता सांगत आल्या. पुरुषानें दागिना उतरविला तो स्वतःच्या मर्जीनें; स्त्रीचा दागिना तिच्या दुःखाच्या घटकेस दुसऱ्यांनीं उतरविला. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवानें मे २०२२ मध्यें ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गांवांनींहि तसें करावें म्हणून राज्य शासनानें त्याच महिन्यांत परिपत्रक काढलें. बांगडी फोडण्याचा अधिकार गांवाला नाहीं, असें एका गांवानेंच म्हणावें, ही गोष्ट लहान नव्हे.

आज ढोल-ताशांच्या पथकांतले तरुण पुन्हा भिकबाळी घालतात, आणि तरुणी हातांत एकच जाड कडें घालून कामावर जातात. कित्येक वडीलधाऱ्यांना हें रुचत नाहीं. त्यांस माझी विनंति एवढीच कीं, नातवाच्या कानांतल्या मोत्याकडे पाहून कपाळास आंठी घालण्यापूर्वीं आपल्याच घरांतल्या एखाद्या विधवा बहिणीच्या रित्या मनगटाकडे एकदां पाहावें. सोन्याला लिंग नाहीं. तें कोणीं ल्यावें व केव्हां उतरवावें, हें ज्याचें त्यानें आणि जिचें तिनें ठरवावें.