वस्तऱ्याचा हिशेब



केशकर्तनालय हे गावाचे वर्तमानपत्र आहे असे गमतीने म्हटले जाते. पावसापासून निवडणुकीपर्यंत सर्वांचा हिशेब तेथे मांडला जातो. मांडला जात नाही तो फक्त एकच हिशेब: खुर्चीमागे उभ्या असलेल्या कारागिराचा. रात्री फळी लावताना गल्ल्यात जे दिसते त्यालाच तो उत्पन्न समजतो. त्यातून गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, ब्लेड, टॉवेलांची धुलाई आणि स्वतःचे तास वजा केल्यावर काय उरते, हे तो विचारीत नाही. उत्पन्न वाढवण्याचा विचार या न विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरू झाला पाहिजे.

न विचारण्याची ही सवय आकस्मिक नाही. बलुतेदारीत न्हावी धोपटी घेऊन घरोघर जाई आणि सुगीला खळ्यावर त्याच्या पदरात धान्य पडे. तेथे कामाला दर नव्हता. मग दर वाढवून मागण्याचा प्रश्नच कोठून येणार? पुढे नाणे आले, दुकान आले, आरसा आणि फिरती खुर्ची आली. पण मोबदला मागणे म्हणजे उद्धटपणा, ही बलुत्याच्या काळातली भीड मनातून गेली नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला 'द्या काय द्यायचे ते' असे म्हणणारा कारागीर आजही आढळतो. त्या शब्दांत सौजन्य आहे, तशीच जुनी गुलामीही आहे.

समजा, तालुक्याच्या गावी एकाच खुर्चीचे एक दुकान आहे. सकाळी आठ ते रात्री नऊ असे १३ तास ते उघडे असते. दिवसाला सरासरी १२ गिऱ्हाइके येतात, प्रत्येकाकडून ८० रुपये मिळतात. महिन्याच्या २६ दिवसांत २४,९६० रुपये जमतात. सारा खर्च ९,००० रुपये धरला तर हाती १५,९६० रुपये राहतात. कारागीर महिन्यात ३३८ तास दुकानात असतो. म्हणजे तासाला सुमारे ४७ रुपये. कौशल्याचे, भांडवलाचे आणि दिवसभर उभे राहून दुखणाऱ्या पायांचे मिळून हे मोल आहे.

आता त्याने दर २० रुपयांनी वाढवला आणि रोजचे एक गिऱ्हाईक तुटले असे धरू. खर्च तोच राहिला, तर ११ गिऱ्हाइकांचे १०० रुपयांप्रमाणे महिन्याला २८,६०० रुपये होतात आणि हाती १९,६०० उरतात. दोन गिऱ्हाइके तुटली तरी १७,००० उरतात. तीन तुटली, तर मात्र मिळकत १४,४०० वर येते. म्हणजे दरवाढीचे भय अगदीच निराधार नाही. परंतु ते मोजता येते, आणि मोजलेले भय माणसाला लाचार करीत नाही.

दरवाढीमागे केवळ गरज नाही, न्यायही आहे. विणकामाला यंत्र आले आणि एका माणसाच्या हातून पूर्वीच्या अनेकपट कापड निघू लागले. केस कापायला मात्र पन्नास वर्षांपूर्वी लागत असे जवळजवळ तेवढाच वेळ आजही लागतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली नाटक-संगीतासारख्या कलांच्या संदर्भात हे सूत्र मांडले: ज्या कामात माणसाचा वेळ वाचवता येत नाही, त्याचा मोबदला इतर क्षेत्रांतील वेतनाबरोबर वाढलाच पाहिजे, एरवी ते काम करणारा दर वर्षी गरीब होत जातो. नाभिक संघटना गावोगावी दरपत्रक ठरवतात त्याचा अर्थ हाच आहे. शेजाऱ्याचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी जो दहा रुपये कमी घेतो, तो शेजाऱ्याइतकेच स्वतःचेही मोल उतरवतो.

दुसरा प्रश्न रिकाम्या खुर्चीचा. न विकलेले धान्य कणगीत राहते. न विकलेला तास मात्र कायमचा जातो. रविवारी गिऱ्हाइके ताटकळतात आणि बुधवारी दुपारी कारागीर जुने वर्तमानपत्र चाळत बसतो. श्रावणात अनेक जण दाढी-कटिंग टाळतात, पितृपक्षातही तेच. रविवारच्या गर्दीतून दोघांना वेळ ठरवून मधल्या वारी बोलावले, तर रविवारी परत जाणाऱ्यांना जागा होते. आजारी आणि वृद्ध माणसांना घरी जाऊन सेवा देता येते. मात्र त्यात जाण्यायेण्याचा वेळ धरूनच दर सांगावा. वरच्या दुकानात दर न वाढवता रोजची केवळ दोन गिऱ्हाइके वाढली, तर मिळकत २०,१२० रुपयांपर्यंत जाते.

स्वच्छता हेही भांडवलच आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते, धुतलेला टॉवेल, केसांना रंग लावण्यापूर्वी त्वचेवर थोडा लावून पाहण्याची दक्षता, याला फारसा पैसा लागत नाही. वापरलेल्या पात्याने कावीळ-बी आणि कावीळ-सी यांचा संसर्ग होऊ शकतो, हे आता गिऱ्हाईकही जाणते. त्याच्या डोळ्यांदेखत पाते बदलणारा कारागीर विश्वास मिळवतो, आणि विश्वासाला लोक दोन पैसे अधिक देतात.

कर्जाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत केशकर्तनाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद. अवजारांचे साहाय्य अवश्य घ्यावे. पण जेथे एक खुर्ची अर्धा दिवस रिकामी राहते, तेथे कर्ज काढून दुसरी मांडणे म्हणजे रिकामेपण विकत घेणे होय.

एकट्याच्या काटकसरीला आणि हुशारीलाही मर्यादा आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सलूनसेवेवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानाला तो आधीही लागू नव्हता. म्हणून सवलतीचा लाभ मुख्यतः मोठ्या, वातानुकूलित दुकानांना झाला आणि त्यांचा दर छोट्यांच्या दराजवळ सरकण्याची वाट मोकळी झाली. अशा वेळी एकेकट्याने काय करावे? सहकार कायद्यान्वये निरनिराळ्या कुटुंबांतील दहा माणसे एकत्र येऊन संस्था स्थापू शकतात. ब्लेड, क्रीम, रंग यांची घाऊक खरेदी, अडचणीच्या महिन्यासाठी बचतनिधी, नव्या केशरचनांचे प्रशिक्षण ही कामे दहा जण सहज करू शकतात.

टक्केवारीवर राबणाऱ्या कारागिराचा वाटाही या हिशेबात आला पाहिजे. निम्मी रक्कम मालकाला दिल्यावर आजारपणाचे दिवस मात्र पूर्णपणे कारागिराचेच असतात. मार्च २०२० मध्ये दुकाने बंद झाली तेव्हा हे उघडे पडले. महाराष्ट्रात २८ जूनला ती उघडली तीही केवळ केस कापण्यापुरती. दाढीला परवानगी नव्हती. तीन महिने रोजी बुडाली, पण भाडे थांबले नाही. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडींना १९६९ च्या कायद्याने मंडळ मिळाले, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. तो संघटित लढ्याने मिळाला; कोणी कृपेने दिला नाही.

शेवटी एक अवघड गोष्ट. अनेक गावांत दलितांचे केस कापण्यास नकार दिला गेला, काही ठिकाणी अजूनही दिला जातो. त्यामागे बहुधा गावातील धनदांडग्यांचा धाक असतो, हे खरे. पण तो १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि स्वतः जातीची उपेक्षा सोसलेल्याने दुसऱ्याला दारातून परतवावे ही त्याहून मोठी हानी आहे. दर सर्वांना सारखा आणि दार सर्वांना उघडे, हाच स्वतंत्र कारागिराचा पहिला नियम.

या व्यवसायाला तसा वारसाही आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. ते काम म्हणजे त्यांची हक्काची मिळकत होती. ती त्यांनी आपण होऊन सोडली. अन्यायाची कमाई नाकारण्याचे बळ ज्या हातांत एकदा आले, त्या हातांना न्यायाची कमाई मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. आज रात्री फळी लावण्यापूर्वी प्रत्येक दुकानात एक वही उघडली जावी आणि तिच्या पहिल्या पानावर कारागिराने स्वतःचे तास लिहावेत. संघटनेची सुरुवात त्या पानापासून होईल.