बदलीची यादी आधी लिहा



ख्रिस्ती युवा बास्केटबॉल लीगमधले बहुतेक प्रशिक्षक हे पेशाने प्रशिक्षक नसतात. कुणी बँकेत काम करतं, कुणी परिचारिका असतं, कुणी ट्रक चालवतं. उपासना संपल्यावर पाळक किंवा फादर विचारतात, "आपल्या मंडळीतल्या मुलांचा संघ सांभाळाल का?" आणि आपण हो म्हणतो. अमेरिकेत अशा लीग शेकडो चर्चमधून चालतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलंही त्यांत खेळतात. आपल्याकडे वसईच्या पॅरिशमध्ये किंवा अहिल्यानगर, मिरजेच्या मंडळ्यांमध्ये कुणी असा संघ उभा करायचं मनात आणलं, तर त्यांनाही आजचं बोलणं उपयोगी पडेल.

नवा प्रशिक्षक मला बहुधा पहिल्यांदा हेच विचारतो, "प्रार्थना केव्हा घ्यायची? मुलांना वचन कोणतं सांगायचं?" मी सांगते, त्याआधी वही काढा आणि कोणतं मूल किती वेळ खेळणार, कोणाच्या जागी कोण येणार, ही बदलीची यादी लिहा. आपण मुलांना प्रेमाविषयी, न्यायाविषयी काय सांगितलं ते मुलं विसरतील. पण आपल्याला किती मिनिटं खेळायला मिळालं, हे प्रत्येक मुलाला अचूक ठाऊक असतं. तुमची श्रद्धा मुलांना पहिल्यांदा कळते ती त्या यादीतून.

हा विचार या खेळाच्या जन्मातच आहे. 1891च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड इथल्या, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे तरुण शिक्षक होते. मूळचे कॅनडाचे. माँट्रिअलमध्ये त्यांनी धर्मशास्त्राचं शिक्षण पूर्ण केलं होतं. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नसे आणि अठरा तरुणांचा एक वर्ग व्यायामाच्या त्याच त्या प्रकारांना कंटाळला होता. ल्यूथर ग्युलिक या वरिष्ठांनी नेस्मिथना चौदा दिवसांत नवा खेळ शोधायला सांगितलं. बाहेरचे खेळ बंद व्यायामशाळेत आणून पाहिले, तर मुलं एकमेकांना पाडायची, दुखापती व्हायच्या.

नेस्मिथनी विचार केला, की धसमुसळेपणा येतो कुठून? चेंडू घेऊन माणूस पळतो, म्हणून दुसऱ्याला त्याला पाडावंसं वाटतं. मग चेंडू घेऊन पळायचंच नाही. आणि गोल समोर उभा असला की चेंडू जीव खाऊन मारला जातो. मग गोल आडवा ठेवू या, डोक्याच्या वर, म्हणजे चेंडू हलक्या हाताने, कमान करून टाकावा लागेल. पीचच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवर असते. कागदावर तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. संयमावर कितीही प्रवचनं देऊन जे साधलं नसतं, ते त्या नियमांनी साधलं. चांगुलपणा त्यांनी खेळाच्या रचनेतच बसवला. प्रशिक्षकानेही नेमकं हेच करायचं असतं.

अशा रचनेचं एक उदाहरण घ्या. अमेरिकेत 1986 साली दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या स्पार्टनबर्ग गावी, एका बॅप्टिस्ट चर्चच्या आश्रयाने 'अपवर्ड' नावाची मुलांची लीग सुरू झाली आणि पुढे असंख्य चर्चनी ती उचलली. तिची घडी साधी आहे. आठवड्यातून एक तास सराव आणि एक तास सामना. सरावाच्या मध्ये थोडा वेळ चिंतन. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदली प्रशिक्षकाच्या मर्जीने होत नाही, ती ठरलेल्या क्रमाने होते.

हा क्रम कसा लावायचा ते आता सांगते. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर लिहून घ्या. समजा, संघात आठ मुलं आहेत. मैदानावर पाच खेळतात. सामन्याचे सहा-सहा मिनिटांचे सहा भाग करा. मुलांना एक ते आठ क्रमांक द्या. पहिल्या भागात एक ते पाच. दुसऱ्या भागात सहा, सात, आठ आणि पुन्हा एक, दोन. तिसऱ्यात तीन ते सात. असंच चक्र पुढे चालू ठेवा. सहा भाग संपले की सहा मुलं चार-चार भाग खेळलेली असतील आणि सात व आठ क्रमांकाची मुलं तीन-तीन. म्हणजे कमीत कमी खेळलेलं मूलही अर्धा सामना खेळलं. पुढच्या शनिवारी सुरुवात सातव्या क्रमांकापासून करा. तीन-चार सामन्यांत प्रत्येकाला पहिल्या पाचांत उभं राहण्याचा मान मिळतो. ही यादी सामन्याच्या आदल्या रात्री लिहायची. सामना रंगात आला की आपलं मन डळमळतं, म्हणून ती आधी लिहायची आणि पालकांनाही दाखवायची.

इथे एक प्रामाणिक शंका येते. दोन मिनिटं उरली आहेत, एका गुणाने मागे आहोत, आणि यादीप्रमाणे आपला सर्वांत चपळ मुलगा बाकावर आहे. काय करायचं? यादी पाळायची. त्या दोन मिनिटांत मैदानावर असलेल्या बुजऱ्या मुलीला जे मिळतं, ते वर्षभराच्या कौतुकाने मिळत नाही. ती अटीतटीच्या वेळी तिथे होती आणि प्रशिक्षकाने तिला बाहेर काढलं नाही. चपळ मुलालाही काही मिळतं. बाकावरून सहकाऱ्याला मनापासून प्रोत्साहन देणं हे कौशल्यच आहे, आणि ते त्यालाही शिकावंच लागतं. हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण मुलांना दरवर्षी सांगतो. तो दाखला खरा करून दाखवण्याची वेळ नेमकी हीच असते.

आता सरावाकडे येऊ. एक तास म्हणजे फार थोडा वेळ. तो रांगेत उभं राहण्यात घालवू नका. दहा मुलं एका रिंगपुढे रांगेत उभी राहिली, तर तासाभरात प्रत्येकाच्या हाती चेंडू मोजकाच लागतो. शक्य असेल तर प्रत्येक मुलाला एक चेंडू द्या, निदान दोघांत एक. पहिली दहा मिनिटं चेंडू घेऊनच अंग मोकळं करायचं : उजव्या हाताने ड्रिबल, डाव्या हाताने ड्रिबल, मान वर ठेवून. पुढची पंधरा मिनिटं एकच कौशल्य शिकवा. लहान मुलांना सर्वांत आधी शिकवायचं ते थांबणं. दोन्ही पायांवर एकदम थांबायचं, गुडघे वाकलेले, मग एक पाय रोवून त्याच्यावरच फिरायचं, म्हणजे पिव्होट. ज्याला थांबता येतं, त्याला पास देता येतो. ज्याला थांबता येत नाही, तो घाबरून चेंडू फेकतो. मग पाच मिनिटं पाणी आणि चिंतन. त्यानंतर दहा मिनिटं ले-अप किंवा डिफेन्स. आणि शेवटची वीस मिनिटं तीन विरुद्ध तीनचे छोटे सामने. पाच विरुद्ध पाचमध्ये मागे लपता येतं, तिघांत लपायला जागा नसते. प्रत्येकाला चेंडूला हात लावावाच लागतो.

चेंडू आणि रिंग मुलांच्या मापाची असू द्या. आंतरराष्ट्रीय मिनी बास्केटबॉलमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रिंग 2.60 मीटरवर असते आणि चेंडू 5 क्रमांकाचा असतो. मोठ्यांच्या 7 क्रमांकाच्या चेंडूने आणि पूर्ण उंचीच्या रिंगवर आठ वर्षांचं मूल खांद्याने चेंडू ढकलायला लागतं. ती सवय पुढे मोडता मोडत नाही. रिंग खाली घेणं जमत नसेल, तर मुलांना रिंगच्या जवळून टाकू द्या आणि चेंडू तरी लहान घ्या. सामन्यात कोणाला कोणी अडवायचं हेही उंची आणि तयारी पाहून ठरवा. नवशिक्या मुलापुढे संघातला सर्वांत दांडगा मुलगा उभा केला, तर दोघांचंही नुकसान होतं.

चिंतनाविषयी आता बोलते. ते तीन मिनिटांचं असावं. मुलं खाली बसलेली असावीत, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर खाली बसा. एकच गोष्ट, एकच प्रश्न. तोही त्या दिवशीच्या खेळातला असेल तर उत्तम. "आज कोणी पडलेल्या खेळाडूला हात दिला? तो आपल्या संघातला होता का?" यावर मुलं बोलतात, आणि ती बोलली की आपण ऐकायचं. प्रार्थना करायची असेल तर जिंकण्यासाठी करू नये. समोरचा संघही त्याच देवापुढे उभा आहे. कोणाला इजा होऊ नये, आपण नीट खेळावं आणि पंचांचा मान राखावा, एवढं मागणं पुरे.

तुमच्या संघात इतर धर्मांची मुलंही येतील. यायलाच हवीत. त्यांच्या आईवडिलांना नोंदणीच्या दिवशीच स्पष्ट सांगा, की ही चर्चची लीग आहे, सरावात तीन मिनिटांचं चिंतन असतं, आणि तुमच्या मुलाने प्रार्थना म्हणावी अशी कोणतीही अट नाही. शांत बसलं तरी चालेल. चेंडू आणि मिनिटं सर्वांना सारखीच मिळतील. हे शब्द पाळा. मुलाच्या खेळाच्या ओढीचा फायदा घेऊन त्याच्यावर काही लादणं हा त्याच्याशी, त्याच्या घराशी आणि आपल्या श्रद्धेशीही अन्याय आहे.

याचं मोठं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात 'नेबरहुड हाऊस' सुरू केलं. पुढे 1936 मध्ये याच परिसरातून टाटांच्या समाजकार्य शिक्षणाच्या संस्थेची सुरुवात झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक होते. नागपाड्यात मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू, सगळे दाटीने राहत. नेबरहुड हाऊसचं दार सर्वांना उघडं होतं. या मोहल्ल्यात बास्केटबॉल असा रुजला की नागपाडा ही भारतीय बास्केटबॉलची खाण झाली. भारताचे कर्णधार आणि 1970 चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसीर याच नागपाड्याचे. मिशनने आणि वायएमसीएने या शहरात जे दिलं, त्यातलं सर्वांत टिकाऊ काय, असं मला विचाराल तर मी म्हणेन, सर्वांना खेळता येईल असं मैदान.

पालकांविषयी दोन गोष्टी. हंगामाच्या सुरुवातीला एक बैठक घ्या आणि सांगा, की सामना चालू असताना सूचना फक्त प्रशिक्षक देईल. कडेने एकाच वेळी पाच जण ओरडले, की मूल चेंडूकडे बघायचं सोडून आईबाबांकडे बघतं. टाळ्या दोन्ही संघांसाठी वाजवा. सामना संपल्यावर गाडीत बसताच चुकांचा हिशोब मांडू नका. "तुझा खेळ बघायला मजा आली," एवढंच म्हणा. चुका सांगायला सराव आहेच.

पंचांशी तुम्ही कसं वागता, तेच मुलं उचलतात. चर्चच्या लीगमध्ये पंच बहुधा स्वयंसेवक असतात, कधी कॉलेजातली पोरं असतात. निर्णय चुकला तरी हात वर करून, शांतपणे, मध्यंतरात विचारा. मुलासमोर पंचांवर डाफरणारा प्रशिक्षक पुढची तीन चिंतनं वाया घालवतो.

आणि एक नियम कधीही मोडू नका. कोणत्याही मुलाबरोबर मोठ्या माणसाने बंद जागेत एकटं राहायचं नाही. सरावाला नेहमी दोन जबाबदार माणसं हवीत. मूल घरी कोणाबरोबर जाणार याची नोंद हवी. ओळखीचा, चर्चमधला, भला माणूस आहे म्हणून यात सूट नाही. उलट जिथे लोक आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात, तिथे जास्त दक्ष राहावं लागतं.

शेवटी हारजितीविषयी. नेस्मिथ पुढे कॅन्सास विद्यापीठात गेले. तिथे ते प्रार्थनासभांचे प्रमुख होते, शारीरिक शिक्षण शिकवत, आणि बास्केटबॉल संघाचे पहिले प्रशिक्षकही होते. त्यांचा संघ 55 सामने जिंकला आणि 60 हरला. त्यांच्याच हाताखाली खेळलेला फॉग ॲलन हा विद्यार्थी पुढे अमेरिकेतला अत्यंत यशस्वी प्रशिक्षक झाला. पण नेस्मिथांना या खेळातून हवी होती ती धडधाकट, सरळ वागणारी माणसं.

म्हणून हंगामाच्या शेवटी स्वतःला तीन प्रश्न विचारा. सुरुवातीला ज्याला ड्रिबल करता येत नव्हतं, त्याला आता येतं का? सर्वांत कमी गुण मिळवणारं मूल पुढच्या वर्षी परत येणार आहे का? आणि समोरच्या संघाच्या पालकांना आपल्या मुलांबरोबर पुन्हा सामना खेळवावासा वाटेल का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील, तर तक्त्यात तुमचा संघ शेवटच्या क्रमांकावर असला तरी तुम्ही घेतलेलं काम पूर्ण केलं आहे. एखादं उत्तर नकारार्थी असेल, तर दुरुस्ती बदलीच्या यादीपासून सुरू करा.